सिंड्रेला बदलली, राजपुत्र मागं गेला

आधी एक सांगून टाकते, रिटेलिंग, म्हणजे जुन्या परीकथा नव्याने सांगणाऱ्या गोष्टी, वाचणाऱ्या पोरींना नावं ठेवायला हा लेख लिहीत नाहीये. आपल्याकडे घरातली मोठी माणसं मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेल्या पोरीकडे बघून "काय ती थिल्लर लव्हस्टोरी वाचत बसलीय" म्हणतात आणि विषय संपवतात, ती नक्की काय वाचतेय हे कोणी विचारत नाही. मी सोलापुरातल्या एका वाचनालयात काम करते, त्यामुळं मला विचारावंच लागतं. अकरावी-बारावीच्या आणि कॉलेजच्या पोरी जे मागतात त्यात परीकथांची नवी रूपं भरपूर असतात. सिंड्रेला मेकॅनिक झालेली, झोपलेली राजकन्या तलवार घेऊन फिरणारी, सुंदरी आणि पशूची गोष्ट परीलोकातल्या युद्धात नेऊन ठेवलेली. ज्यांना इंग्रजी जमतं त्या इंग्रजीत वाचतात, ज्यांना जमत नाही त्या प्रतिलिपी नाहीतर वॉटपॅड असल्या गोष्टी वाचायच्या-लिहायच्या अॅपवर मराठीत तसलंच काही शोधतात. आणि वाचून गप्प बसत नाहीत, त्याचे एडिट, म्हणजे गाणं लावलेले छोटे व्हिडिओ, बनवतात, कोणाची जोडी कोणाशी जुळावी यावरून तावातावाने भांडतात, आवडतं पात्र मेलं की खरंच रडतात, पुढचा भाग कधी म्हणून लेखिकेला भंडावून सोडतात. हे फॅन्डम, म्हणजे चाहत्यांचं हे जग, मला मनापासून आवडतं. माझी तक्रार दुसरीच आहे आणि ती याच पोरींच्या बाजूने आहे. या नव्या गोष्टींत नायिका बदलली, तिचं काम बदललं, राज्य बदललं, सावत्र आईला पण तिची बाजू मिळाली. राजपुत्र मात्र जिथं होता तिथंही राहिला नाही, मागं गेला.

म्हणजे काय ते नीट सांगते, त्यासाठी थोडं जुन्यात जावं लागेल.

"मूळ कथेची वाट लावली" असं जे लोक म्हणतात त्यांनी मूळ कथा मला दाखवावी. चीनमध्ये नवव्या शतकात लिहून ठेवलेली ये शियानची गोष्ट आहे, त्यात पण हरवलेला जोडा आहे आणि छळणारी सावत्र आई आहे. काचेचा बूट फ्रान्समध्ये शार्ल पेरो या लेखकाने 1697 साली छापलेल्या पुस्तकातला. जर्मनीत परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंचा पहिला खंड 1812 चा, आणि 1857 पर्यंत त्यांनी त्याच कथा सात आवृत्त्यांमध्ये फिरवून फिरवून लिहिल्या. 1812 मध्ये स्नोव्हाइटचा जीव घ्यायला निघालेली तिची सख्खी आई होती, 1819 मध्ये ती सावत्र झाली. रॅपन्झेलने आधी निरागसपणे विचारलं होतं की माझे कपडे घट्ट का होतायत, म्हणजे ती गरोदर होती, ते वाक्य नंतर गायब. मग यातलं मूळ कुठलं? आणि ग्रिमना या कथा सांगितल्या कोणी, तर बऱ्याचशा बायकांनी. त्यातली डोरोथेआ फीमान ही खानावळवाल्याची मुलगी, शिंप्याची बायको, तिने एकटीने चाळीसच्या आसपास कथा दिल्या. आपल्या दख्खनमध्ये पण हेच. मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रेअर हिने 1868 साली 'ओल्ड डेक्कन डेज' छापलं, पण त्यातल्या कथा सांगणारी होती तिची आया, अॅना लिबेराटा डिसूझा, आणि अॅनाने त्या ऐकल्या होत्या आपल्या आजीकडून. तिचं घराणं आधी लिंगायत, आजोबा ख्रिस्ती झाले. आजीच्या तोंडून नातीकडे गोष्ट येताना ती शब्दाला शब्द तशीच येते असं कोणाला वाटत असेल तर त्याने आजीकडून गोष्ट ऐकलेली नसणार.

सोलापुरात तर हे समजावून सांगायची गरजच पडू नये. एका चाळीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चारही भाषा, श्रावणात एका घरात आटपाट नगर आणि नावडती राणी, शेजारच्या कन्नड घरात सोनेरी केसांच्या हंचीची गोष्ट. आपल्या देखण्या पोरीचं रूप झाकायला आई मातीचा मुखवटा करून देते आणि तो घालून पोरगी घर सोडते, ती हंची. लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी तिला कन्नड सिंड्रेला म्हटलं. विड्या वळता वळता एकीने सुरू केलेली गोष्ट दुसरीने संपवायची हे सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगारांच्या घरांमध्ये कोणाला नवीन नाही. तेव्हा रिटेलिंग ही अमेरिकेतून आलेली फॅशन नाही, बायका हे कायम करत आल्यात. श्रोत्यांनी मध्येच अडवणं, "असं नको, तिला जिवंत ठेव" म्हणून हट्ट करणं हेही तितकंच जुनं. फॅन्डम दुसरं काय करतं?

आता मुद्दा राजपुत्राचा. जुन्या पुनर्कथनांमध्ये एक गोष्ट लक्षात येते, कथा हातातून हातात जाताना पुरुषाचं वागणं सुधारत गेलं. झोपलेल्या राजकन्येचं घ्या. इटलीतल्या बासिलेच्या 1634 ते 1636 मध्ये छापलेल्या पुस्तकातल्या गोष्टीत राजा झोपलेल्या पोरीवर हात टाकतो, ती झोपेतच बाळंत होते, आणि पुस्तक त्याला काही बोलत नाही. पेरोच्या 1697 च्या गोष्टीत राजपुत्र तिच्यापाशी नुसता गुडघे टेकतो आणि ती जागी होते. ग्रिमनी तिथं चुंबन घातलं. बासिले ते पेरो साठ-पासष्ट वर्षं, एवढ्यात बलात्कारी राजाचा गुडघे टेकणारा राजपुत्र झाला. कोणीतरी मध्ये ठरवलं ना की हे असं आपण पोरींना सांगायचं नाही!

सुंदरी आणि पशूचं तर अजून ठळक आहे. मादाम व्हिलनव्हची लांबलचक कादंबरी 1740 ची, तिचं छोटं रूप 1756 मध्ये मादाम द बोमाँने केलं, ती गव्हर्नेस होती आणि तिने ते खास लहान मुलींसाठीच्या पुस्तकात घातलं. त्या काळी त्या वर्गातल्या पोरींची लग्नं ठरवून व्हायची, नवरा कोण कसा काही माहीत नसायचं. अशा पोरींसाठी तिने जो पशू लिहिला तो रोज रात्री जेवणाच्या वेळी येतो, विचारतो, माझ्याशी लग्न करशील का, ती नाही म्हणते, तो उसासा टाकून निघून जातो. दुसऱ्या दिवशी परत विचारतो, परत नाही, परत जातो. वाडा त्याचा, ताकद त्याची, तिचा बाप त्याच्या मुठीत आलेला, आणि तरी तिच्या नाहीपुढं तो थांबतो. गोष्टीचा सगळा जीव त्या थांबण्यात आहे. ती शेवटी हो म्हणते तेव्हा त्या होला किंमत येते कारण आधीच्या प्रत्येक नाहीला किंमत होती.

हे वाचून झाल्यावर आत्ताची जी डार्क हिरोवाली रिटेलिंग्ज चालतात ती वाचा. हिरो पाचशे वर्षांचा, देखणा, क्रूर, नायिकेला उचलून आणतो, कोंडतो, तिचं मन वाचतो, तिच्या अन्नात काहीतरी मिसळतो, दुसऱ्या पुरुषाने तिच्याकडे बघितलं तर त्याचा हात तोडतो, आणि पन्नास पानांनंतर कळतं की हे सगळं त्याने तिच्या भल्यासाठी केलं होतं कारण त्याचं बालपण वाईट गेलं. सगळी पुस्तकं अशी नाहीत, हे मी मान्य करते, चांगली पण आहेत आणि मी ती पोरींच्या हातात मुद्दाम देते. पण जे सगळ्यात जास्त चालतं, ज्याचे एडिट फिरतात, ते हे. 1756 चा पशू याच्यापेक्षा सभ्य होता. मग अडीचशेहून जास्त वर्षांत आपण नेमकं पुढं काय आलो?

हे लेखिकांच्या डोक्यातून निघतं असं मला वाटत नाही, बहुतेकदा बाजार करून घेतो. यंग अॅडल्ट हे लेबल बारा ते अठरा वयासाठी, पण पुस्तकांच्या बाजाराची माहिती गोळा करणाऱ्या बोकर कंपनीच्या 2012 च्या पाहणीत असं निघालं होतं की अमेरिकेत ही पुस्तकं विकत घेणाऱ्यांमध्ये 55 टक्के लोक अठरा किंवा त्याहून मोठे आहेत. पैसे मोठ्यांचे म्हटल्यावर मजकूर हळूहळू मोठ्यांचा होणारच, शेल्फवरची पाटी तेवढी पोरींची राहते. सारा जे. मास हिचं सुंदरी-पशूवर बेतलेलं पहिलं पुस्तक 2015 मध्ये यंग अॅडल्ट म्हणून आलं आणि 2020 मध्ये नवीन मुखपृष्ठ घालून मोठ्यांच्या विभागात गेलं. तिकडं निदान शेल्फ बदललं. आपल्या पोरीला ते पुस्तक रीलमधून कळतं, रीलला शेल्फ नसतं, तिला फक्त पंधरा सेकंदांचं गाणं, पंखवाला हिरो आणि "एनिमीज टू लव्हर्स", म्हणजे आधी दुष्मन मग प्रेमी, एवढं दिसतं. दुष्मनी म्हणजे काय प्रकारची दुष्मनी ते आत गेल्यावर.

आमच्या वाचनालयात एक पोरगी येते, अकरावीतली, आई युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात कामाला. ती मराठीत एका अॅपवर सिंड्रेला लिहीत होती. तिची सिंड्रेला पण अशाच कारखान्यात काज-बटणाचं काम करणारी, आणि तिने बुटाची भानगडच काढून टाकली होती. मालकाचा पोरगा शर्टाचं माप द्यायला येतो आणि टेप हिच्या हातात असतो. ही त्याचे खांदे मोजते, गळा मोजते, हात वर करा म्हणते तसा तो हात वर करतो, आणि त्याला पहिल्यांदा कळतं की कोणीतरी आपलं माप घेतंय. सगळ्या राज्यातल्या पोरींचे पाय मोजत फिरणारा राजपुत्र, आणि इथं माप घेणारी ती! मी वाचून थक्क झाले. इतक्या जणांनी ही गोष्ट नव्याने सांगितली, पण टेप कोणाच्या हातात हा प्रश्न मी तरी आधी कुठं वाचला नव्हता, आणि तो सोलापुरातल्या एका पोरीला पडला कारण तिने आईच्या गळ्यात रोज टेप बघितलाय.

पुढं काय झालं ते पण सांगते. त्या हिरोने तिला विचारलं, ती म्हणाली मला विचार करू दे, तो बरं म्हणाला आणि पुढचे दोन भाग तो नुसता कामाला येऊन जातो. खाली कमेंट पडायला लागल्या. हिरो बोअर आहे, थोडा अॅटिट्यूड दाखव, तिला जेलस कर, तिचा हात धरून ओढू दे, इतका गोड हिरो कोणाला पाहिजे. वाचणाऱ्या बहुतेक तिच्याच वयाच्या. पोरगी माझ्याकडे आली, तोंड उतरलेलं, म्हणाली, "मॅडम, सगळ्या म्हणलालेत हिरो लै साधा हाय. फॉलोअर कमी व्हायलेत." पुढच्या भागात तिच्या हिरोने कारखान्याचं दार आतून लावून घेतलं. लाइक भरपूर आले.

मला त्या पोरीचा राग आला नाही, त्या कमेंट करणाऱ्यांचा पण नाही. त्यांनी आत्तापर्यंत जे वाचलं, जे सिनेमात बघितलं, त्यात ज्याला हिरो म्हणतात तो दार लावून घेणाराच होता. नाही म्हणणाऱ्या पोरीच्या मागं मागं फिरणारा, कॉलेजच्या गेटपाशी गाडी आडवी घालणारा आणि शेवटी तिला जिंकणारा नायक हिंदी, तेलुगू, मराठी तिन्हीकडे आपण शिट्ट्या मारून मोठा केला. पण सिनेमातला तो हिरो लिहिणारे बहुतेक पुरुष, आणि इथं तर लिहिणारी पोरगी, वाचणाऱ्या पोरी, कोणाचा दबाव नाही, सेन्सॉर नाही, निर्माता नाही, आणि तरी तोच हिरो परत जन्माला येतोय. मला त्रास याचा होतो. स्वतःची जागा मिळाली आणि तिथंही आपण त्यालाच खुर्ची दिली.

आता याला उत्तर काय येतं मला माहितीय. ही फँटसी आहे, पोरींना खरं-खोटं कळतं, पुस्तकातला खुनी आवडला म्हणून कोणी खुन्याशी लग्न करत नाही. बरोबर आहे. पोरींना कळतं, माझा त्यांच्या अकलेवर पूर्ण विश्वास आहे, आणि भीती सुरक्षितपणे चाखून बघायला गोष्टीसारखी जागा नाही हेही मी मानते. म्हणून बंदी, पालकांनी फोन तपासणं, वाचनालयाने कपाटाला कुलूप घालणं, असलं काहीही मला नकोय. उलट फॅन लोकांनी स्वतः चालवलेल्या जागा याबाबतीत प्रकाशकांपेक्षा जास्त प्रामाणिक आहेत. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' ही फॅनफिक्शनची, म्हणजे आवडत्या पुस्तकातली-सिनेमातली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टींची, साइट घ्या, कुठली कंपनी नाही, जाहिराती नाहीत, देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालते, 2019 मध्ये तिला विज्ञानकथा आणि फँटसीसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिथं लेखिकेला गोष्ट टाकतानाच सांगावं लागतं की यात हिंसा आहे का, जबरदस्ती आहे का, अल्पवयीन पात्र आहे का, किंवा मी सांगणार नाही असं तरी स्पष्ट लिहावं लागतं. म्हणजे वाचणारी डोळे उघडे ठेवून आत जाते. तिथं जबरदस्तीला जबरदस्ती म्हणतात. दुकानातल्या पुस्तकाच्या पाठीवर त्याच गोष्टीला ज्वलंत प्रेम म्हणतात. फँटसी म्हणून वाचायचं तर आधी तिला तिच्या नावाने हाक मारा एवढंच माझं म्हणणं आहे, आणि दुसरं म्हणजे दहापैकी नऊ हिरो एकाच साच्याचे असतील तर त्याला निवड म्हणता येत नाही.

नाही ऐकून घेणारी प्रेमकथा मिळमिळीत होते असं ज्यांना वाटतं त्यांनी संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या जत्रेत, काय चालतं ते आठवावं. कुंभाराच्या मुलीला सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं होतं, ते योगी, त्यांनी नाही म्हटलं, आणि तिचं मन पण मोडलं नाही, योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली. इच्छा तिने बोलून दाखवली, नकार त्यांनी दिला, दोघांचाही मान राहिला. या गोष्टीवर शेकडो वर्षं दर जानेवारीत अख्खं सोलापूर बाराबंदी घालून, नंदीध्वज खांद्यावर घेऊन, संमती कट्ट्यावर अक्षता टाकायला लोटतं. गोष्टीत नकार आहे म्हणून गर्दी कमी झाली असं मी तरी बघितलं नाही. मी श्रद्धेच्या विषयात शिरत नाही, फक्त गोष्ट म्हणून सांगतेय, की ओढ, अडचण, तडजोड, आयुष्यभराची निष्ठा, सगळं दार लावून न घेता पण लिहिता येतं.

आणखी एक गोष्ट फॅन्डममध्ये बदलताना दिसतेय ती मला जास्त टोचते. आधी फॅन असणं म्हणजे लिहिणं होतं. सायबॉर्ग, म्हणजे अर्धी माणूस अर्धी यंत्र, अशी सिंड्रेला लिहिणारी मारिसा मेयर आधी सेलर मून या जपानी कार्टूनची फॅनफिक्शन लिहायची, मासने तिची पहिली मालिका सिंड्रेलावरून सुचून ऑनलाइन फुकट टाकायला सुरुवात केली तेव्हा ती शाळकरी वयाची होती. म्हणजे आज ज्यांच्या नावावर दुकानं चालतात त्या स्वतः अशाच पोरी होत्या, कोणाची तरी गोष्ट आवडली नाही किंवा फार आवडली म्हणून स्वतः लिहायला बसलेल्या. आता फॅन असणं म्हणजे घेणं होत चाललंय. एकाच पुस्तकाची रंगीत कडांची आवृत्ती, दुसऱ्या मुखपृष्ठाची आवृत्ती, सहीची आवृत्ती, शेल्फचा फोटो, आणि ज्या पोरीला परवडत नाही ती खरी फॅनच नाही असा एक सूर. कोणी म्हटलं की या हिरोचं हे वागणं मला पटलं नाही तर तिच्यावर सगळ्या तुटून पडतात, तुला कळलंच नाही, तू वाचूच नको. जात्यावर बसलेली बाई रामाला पण सोडत नव्हती हो, सीतेला वनवासात धाडलं म्हणून ओव्यांमधून त्याला जाब विचारत होती, आणि तरी रामनवमीला पाळणा पण म्हणत होती. आवडतं त्याला बोल लावायचा हक्क तिने कधी सोडला नाही. आपल्या पोरींनी एका छापील पंखवाल्यासाठी तो सोडावा याचं मला फार वाईट वाटतं.

करायचं काय तर माझ्या मते सगळ्यात आधी कमेंट बदलायच्या. लाइकपेक्षा मराठीत लिहिणारी नवीन पोरगी कमेंटवर जास्त जगते हे मी डोळ्यांनी बघितलंय. हिरो थांबला, त्याने विचारलं, तिने वेळ मागितला, अशा भागाखाली "हे भारी होतं" एवढं लिहायला काही लागत नाही. काहीतरी खटकलं तर तेही लिहा, लेखिकेला न दुखावता लिहा. कॉलेजच्या वार्षिक अंकात दरवर्षी आई, पाऊस आणि मोबाईलचे दुष्परिणाम यावर जे छापतात त्यात दोन पानं अशा पुनर्कथनांना द्या, मराठीच्या सरांनी-मॅडमनी ती गंभीरपणे वाचून काय जमलं काय नाही ते सांगा. वाचनालयांनी अशा पोरींना महिन्यातून एकदा एक टेबल द्यावं, आम्ही तेवढं सुरू केलंय. आणि टेपवाल्या पोरीला मी एवढंच म्हटलं की तुझा जुना भाग मला जास्त आवडला होता, का आवडला ते पण सांगितलं. ती ऐकून घेऊन गेली, ठरवायचं तिने आहे, गोष्ट तिची आहे.

आणि सिंड्रेलाच कशाला पाहिजे दर वेळी? अॅनाने सांगितलेल्या त्या दख्खनच्या गोष्टींमध्ये सोदेवाबाई आहे. तिचा जीव तिच्या गळ्यातल्या सोन्याच्या हारात. तिचा जोडा डोंगरावरून खाली पडतो, राजपुत्राला सापडतो, लग्न होतं. मग त्याची पहिली राणी दासीकडून तो हार चोरवते आणि सोदेवाबाई मरते. पण दासी रात्री हार काढून ठेवते, त्यामुळं सोदेवाबाई दिवसा मेलेली आणि रात्री थडग्यात एकटी जागी. दुसरीच्या गळ्यात आपला जीव आहे आणि ती तो कधी घालते कधी काढते यावर आपला दिवस ठरतो, अशी नायिका पाचशे पानांच्या मालिकांमध्ये पण मला भेटली नाही. त्या दासीच्या बाजूने लिहा, पहिल्या राणीच्या बाजूने लिहा, राजपुत्र रात्री थडग्यापाशी येतो तेव्हा तो काय विचारतो आणि ती काय उत्तर देते ते लिहा. पुस्तक दीडशे वर्षांहून जुनं आहे, कॉपीराइट कधीच संपलाय, नेटवर फुकट मिळतं, कोणाची परवानगी लागत नाही. घरात कन्नड, तेलुगू किंवा उर्दू बोलणारी आजी असेल तर तिच्याकडे याच गोष्टीचा वेगळा शेवट असण्याची पण शक्यता आहे, आधी तिला विचारा. कोणी लिहायला घेतली तर लिंक पाठवा, पहिली कमेंट माझी असेल.